कोऱ्या पानांची वही

मे महिन्याच्या सुट्टीत बाबा आम्हा भावंडांच्या वह्यांतली उरलेली कोरी पानं काढायचे, दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवायचे. रेघी पानांत मधूनच चौकटीची पानं यायची. अशा रफ वहीत मी गणितं सोडवली, कॉलेजात कविता उतरवून घेतल्या, संसारात दुधाचा हिशेब मांडला.

बाबा गेले तेव्हा त्यांच्याबद्दल लिहायला तसलीच एक वही काढली. पहिले काही दिवस फक्त हॉस्पिटलच कागदावर येत होतं. सलाईन, नाकातली नळी, सुजलेले हात. लिहून उठलं की जीव जास्तच कासावीस व्हायचा. पुढं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाविषयी वाचलं. त्यात काही विद्यार्थ्यांनी लागोपाठ ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनावरच्या आघाताविषयी लिहिलं होतं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे लिहून झाल्याबरोबर अधिक खिन्न झाले; नंतरच्या ६ महिन्यांत मात्र त्यांना दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली.

मन मोकळं होणं ही लिहिण्यातली अर्धीच गोष्ट आहे, असं मला वाटतं. ‘बाबा फार मायाळू होते’ असं लिहिलं आणि पुढं सरकेना. मायाळू म्हणजे काय करायचे? मग दिसायला लागलं. शिवण्याआधी दोरा मेणबत्तीवर ओढायचे. मला चित्रं काढायला आवडतात म्हणून बिनरेघी पानं माझ्यासाठी बाजूला ठेवायचे. शेवटच्या आजारानं झाकून टाकलेला माणूस असा थोडा थोडा परत मिळाला.

आपलं दुःख मांडता मांडता माणूस आपल्यापलीकडे जातो, हे बेबी कांबळेंनी मला दाखवलं. फलटणला दुकान चालवताना पुडे बांधायच्या रद्दीतून वाचत त्या लिहित्या झाल्या. लिहिलेलं वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे त्यांचं आत्मकथन पुस्तकरूपात आलं, तर त्यात त्यांच्या एकटीपेक्षा अख्खा महारवाडा बोलतो. सण, उपासमार, सासुरवाशिणींचे हाल. इतकं सोसून इतक्यांना जागा देणारं मन केवढं असेल!

आता आई सांगते आणि मी लिहिते. तिचं माहेर, जिथं मी नाही, बाबाही नाहीत. परवा तिनं गोवरानं गेलेल्या धाकट्या बहिणीचं नाव माझ्यासमोर पहिल्यांदा घेतलं. मी लिहून घेत होते तेवढ्यात म्हणाली, “केस कुरळे होते गं तिचे. तेही लिही.”