वैशाखातले लोणी

ताथवड्यात महामार्गालगत उभ्या राहिलेल्या उत्तुंग इमारतींपैकी एकीत, हिंजवडीकडे जाणाऱ्या वाहनांचा कोलाहल सुरू होण्यापूर्वी, भल्या पहाटे कपकेक सजवीत बसण्याचा जो छंद मला जडला आहे, त्याला वेळेचे बंधन माझ्या शिस्तीने नव्हे, लोण्याच्या प्रकृतीने घातले आहे. कारण लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळते, आणि वैशाखात पुण्याचा पारा ती मर्यादा सकाळीच ओलांडू पाहतो. पिठीसाखरेसह फेसलेले लोणी कागदी कोनात भरून वळवीत नेले, की गुलाबाची पाकळी उमटते. हाताची ऊब जरा जास्त वेळ लागली, की तीच पाकळी ओघळते.

अंडे वर्ज्य मानणाऱ्या शेजाऱ्यांसाठी दही आणि सोडा वापरतो. आम्ल व क्षार यांच्या संयोगाने उठणारा वायू निसटून जाण्याच्या आत, वाट्या दोन-तृतीयांश भरून १८० अंश तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवणे, एवढीच काय ती घाई. अमेलिया सिमन्स या अमेरिकन बाईने १७९६च्या आपल्या पाकग्रंथात लहान पेल्यांत हलका केक भाजण्याची कृती दिली होती. तिला या रंगीत शिखरांची गरज भासली नव्हती. खरे सांगायचे तर, बिनसजावटीच्या मावा केकपुढे माझीही शिखरे फिकीच.

“विकत का देत नाही?” अशी पृच्छा सोसायटीत वारंवार होते. पण विक्री म्हटली की अन्नसुरक्षेची नोंदणी आली, रोजकीर्द आली, तगादेही आले. तूर्तास हा कारभार दफ्तराबाहेरच चालू द्यावा, असे मी ठरविले आहे.