त्रिनिदाद : भाषा विसरली, चव राहिली

त्रिनिदाद म्हटले की आपल्याला आधी क्रिकेट आठवते. ब्रायन लारा याच बेटाचा. सुनील गावसकरांनी १९७१ मध्ये आपली पहिली कसोटी खेळली ती याच बेटाच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये. त्याच सामन्यात भारताने वेस्ट इंडीजला कसोटीत प्रथमच हरवले. पण या बेटाशी आपले त्याहून जुने नाते आहे आणि ते मैदानापेक्षा स्वयंपाकघरात जास्त दिसते.

नकाशात पाहिले तर कॅरिबियन बेटांच्या माळेचे हे दक्षिण टोक. व्हेनेझुएलाचा किनारा येथून जेमतेम ११ किलोमीटरवर. तरीही येथे सकाळी घराघरांत तवा तापतो, ‘सदा रोटी’ भाजली जाते आणि सोबत ‘बैगन चोका’ असतो. चोका म्हणजे आपले भरीतच. वांगे विस्तवावर भाजायचे, कुस्करायचे आणि वर लसणाची कडकडीत फोडणी ओतायची.

उसासाठी आलेली माणसे

१८३० च्या दशकात ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी संपली. मुक्त झालेले आफ्रिकन लोक उसाच्या मळ्यांत राबायला तयार होईनात. मग मळेवाल्यांनी भारताकडे नजर वळवली. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज २२५ भारतीयांना घेऊन त्रिनिदादला लागले. कोलकात्याहून तिथे पोहोचायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागला होता. १९१७ पर्यंत असे १ लाख ४० हजारांहून अधिक करारबद्ध मजूर या बेटावर आले. त्यांतले बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले होते.

मळ्यावर त्यांना तांदूळ, डाळ, तेल, मीठ असा शिधा मिळे. गावाकडचे सारे जिन्नस कुठून मिळणार? मग बायकांनी जे हाती लागले त्यातून वाट काढली. डाळपुरीत हरभऱ्याच्या डाळीऐवजी पिवळ्या वाटाण्याची डाळ आली. आपल्या पुरणपोळीत गोड पुरण असते, तसे या पोळीत जिरे घातलेले तिखटमिठाचे सारण असते. कोथिंबिरीची जागा लांबट, करवती कडांच्या एका रानपाल्याने घेतली. त्याला नावही पडले ‘बनधनिया’. अळू मात्र तिथे मुबलक. त्याची पाने डाळीच्या पिठात घालून तळलेला ‘सहिना’ खाताना मराठी माणसाला अळूवडी आठवल्याशिवाय राहणार नाही.

शब्द उरले ते चुलीपाशी

या लोकांची भोजपुरी पुढच्या पिढ्यांत मागे पडत गेली. आज त्यांची पतवंडे इंग्रजी बोलतात. मात्र स्वयंपाकघरात तवा, बेलना, कढई हे शब्द जिवंत आहेत. डाळ घोटायची ती ‘घोटनी’. इंग्रजी वाक्यातही डाळीला फोडणी देणे म्हणजे ‘चुंके’ करणे. आणि वडिलांच्या आईला तिथेही ‘आजी’च म्हणतात! जी भाषा शाळेत शिकवली गेली नाही, ती आजीच्या हाताखाली पोळ्या लाटताना थोडीफार टिकली.

हे सहज झाले नाही. एके काळी रोटी हे कुली लोकांचे खाणे म्हणून हिणवले जाई. शाळेत डब्यात रोटी नेणारी मुले ती लपवून खात. आज तीच रोटी सगळ्या बेटाची आवडती आहे. मऊ, पदर सुटलेल्या पराठ्याचा तव्यावरच चुरा करतात. तो फाटक्या सदऱ्यासारखा दिसतो, म्हणून त्याचे नावच ‘बस अप शट’ म्हणजे ‘बस्ट अप शर्ट’, फाटका सदरा!

बेटाची खरी न्याहारी मात्र ‘डबल्स’. हळद घातलेले दोन मऊ, तळलेले ‘बारा’, त्यांच्यामध्ये रश्श्यातले छोले, वर काकडी, चिंचेची चटणी आणि ‘कुचेला’ म्हणजे किसलेल्या कैरीचे लोणचे. १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाऊन येथे एका भारतीय कुटुंबाने हा पदार्थ सुरू केला असे सांगतात. आधी एकच बारा मिळे. गिऱ्हाइके ‘डबल’ मागू लागली आणि नाव पडले. आता सकाळी गाडीभोवती सगळ्या वंशांची, सगळ्या धर्मांची माणसे उभी दिसतात. तिखट मात्र जपून मागावे. २०१२ मध्ये जगातली सर्वांत तिखट ठरलेली मिरची याच बेटावरच्या मोरुगा भागातली होती.

एका ताटात अनेक देश

देवाणघेवाण एकतर्फी नाही. रविवारच्या जेवणात भारतीय वंशाच्या घरीही ‘कॅलालू’ शिजतो. अळूची पाने, भेंडी, नारळाचे दूध आणि बऱ्याचदा खेकडा घालून केलेला हा दाट पदार्थ आफ्रिकन लोकांची देणगी. ‘पेलाव’ हे आपल्या पुलावाचे दूरचे भावंड. त्यात साखर काळपट होईपर्यंत जाळून कोंबडीला रंग आणतात आणि तांदळाबरोबर तुरीचे दाणे घालतात. नाताळात केळीच्या पानात गुंडाळून उकडलेले मक्याच्या पिठाचे ‘पास्तेल’ होतात. ती स्पॅनिश वारशाची खूण.

ईदला शेवयांची ‘सवाइन’ शेजाऱ्यांकडे जाते. दिवाळीत अंगणात दिवे लागतात आणि ‘सोहारी’च्या मोठ्या हिरव्या पानावर भोपळ्याची भाजी, छोले, भात, आंब्याची ‘तलकारी’ वाढली जाते. त्या पंगतीला ख्रिस्ती आणि मुसलमान शेजारीही असतात. २०११ च्या जनगणनेनुसार या देशात सुमारे ३५ टक्के लोक भारतीय वंशाचे आणि ३४ टक्के आफ्रिकन वंशाचे आहेत. राजकारणात दोघांत ताणाताणी होते, पण डबल्सच्या गाडीपाशी रांग एकच असते.

ज्या उसासाठी ही माणसे सातासमुद्रापार नेली गेली, त्याची सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद पडली. हजारो कामगार घरी बसले. ऊस गेला, भाषाही बरीचशी गेली. पण रोज सकाळी तवा तापतोच. आपल्या घरातही आजीच्या हातचे पदार्थ आणि तिचे चुलीपाशीचे शब्द आहेत. मुलांना ते दोन्ही मिळत आहेत ना, एवढे आपण पाहिले पाहिजे.