छत्तिसावा दिवस

दारू हराम आहे, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणूनच घरात कुणी दारूच्या आहारी गेले की आपल्याला आधी गुनाह दिसतो, मग बदनामी दिसते आणि आजार सर्वांत शेवटी दिसतो. तोवर बरीच वर्षे गेलेली असतात. इलाज करायचे ठरले तरी डोळ्यांसमोर एकच चित्र असते: माणसाला कुठेतरी नेऊन ठेवायचे, महिना-दीड महिन्याने तो बरा होऊन येईल. परत आल्यानंतरच्या दिवसांचा विचार सहसा कुणी करत नाही. त्या दिवसांविषयी लिहावे, असे आम्हाला पुष्कळ दिवसांपासून वाटत होते.

आम्ही आकुर्डीला राहतो. घरात अम्मी, आम्ही दोघे, आमची मुले, धाकटा भाऊ, त्याची दुल्हन आणि सातवीत शिकणारी त्यांची मुलगी. हा सगळा भाग कारखान्यांवर जगणारा. बजाजच्या स्कूटर एकेकाळी इथे आकुर्डीतच बनत. 2007 साली इथले वाहनांचे उत्पादन थांबले. आता आमच्या गल्लीतली बहुतेक मुले कंपनीच्या बसने चाकणला जातात, तीही कंत्राटावर. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, एक आठवडा तिसरी. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या माणसाला झोप येत नाही. आमच्या धाकट्याची सुरुवात त्या झोपेपासून झाली. पुढे झोप राहिली बाजूला आणि बाटली तेवढी उरली.

पुण्यात व्यसनमुक्ती म्हटले की मुक्तांगणचे नाव निघते. ब्राऊन शुगरच्या विळख्यात सापडलेल्या मुलांविषयी अनिल अवचट यांनी लिहिले, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी मदतीचा हात पुढे केला आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने येरवड्याला हे केंद्र सुरू झाले. तिथला निवासी उपचार 35 दिवसांचा. तिथे काम करणाऱ्यांमध्ये स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण आहेत. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. घरी गेलेल्यांनी पाठपुराव्याला येत राहावे, यावर भर असतो. पुढे इतरही अनेक केंद्रे निघाली. आमच्या धाकट्याने अशाच एका केंद्रात 35 दिवस काढले.

छत्तिसाव्या दिवशी तो घरी आला. अम्मींनी खीर केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुले शाळेत गेली, आम्ही दोघे आपापल्या शाळांत, दुल्हन शिवणाच्या कामाला. कंत्राटदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, “भाभी, तिथं घंटा वाजली की कुठं जायचं ते ठरलेलं असायचं. इथं घंटाच वाजत नाही.”

शिक्षकाच्या घरात हे वाक्य कळायला वेळ लागत नाही. तास रिकामा असला की शहाणा वर्गसुद्धा गोंधळ घालतो. इथे तर सकाळी 10 ते रात्री 10 सगळे तास रिकामे होते.

या मधल्या काळासाठी जगात अनेक ठिकाणी दिवसभराचे उपचार असतात. माणूस दिवसा केंद्रात जातो आणि रात्री आपल्या घरी झोपतो. अमेरिकेतल्या व्यसनतज्ज्ञांच्या निकषांप्रमाणे त्यात दोन पायऱ्या आहेत. एकीत आठवड्याला किमान 9 तास, दुसरीत किमान 20 तास ठरलेला कार्यक्रम असतो. समुपदेशन, गटातली चर्चा, डॉक्टरांची तपासणी, कुटुंबीयांशी बोलणे आणि ओढ लागली तर काय करायचे याचा सराव, असे त्याचे स्वरूप. याचा मोठा फायदा असा की शिकलेले त्याच संध्याकाळी घरच्या रस्त्यावर वापरून पाहता येते. निवासी केंद्राच्या भिंतीआड दारूचे दुकान नसते. घरी येताना मात्र दोन लागतात.

मात्र हा मार्ग सगळ्यांसाठी नाही. रोज खूप पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते, काहींना भास होतात, फिट येतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. पहिले तीन-चार दिवस फार जोखमीचे. घरात कोंडून ‘सोडवण्या’चा प्रयोग म्हणूनच कुणी करू नये. आधी डॉक्टर, गरज पडली तर दवाखान्यात दाखल करणे, आणि ते दिवस सुखरूप पार पडल्यावर दिवसभराच्या उपचाराचा विचार.

आम्हाला आमच्या आवाक्यात असे रोज जायचे ठिकाण सापडले नाही. मग समुपदेशकांच्या सल्ल्याने आम्ही घरातच वेळापत्रक केले. शाळेच्या वेळापत्रकासारखेच, रकाने आखलेला कागद फ्रिजवर लावला. फजरनंतर चालायला जाणे. नाश्ता वेळेवर, कारण उपाशी पोटी ओढ वाढते. सकाळी नात्यातल्या एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये चार तास काम. पगार थोडा, पण तो दर आठवड्याला दुल्हनच्या हाती देण्याचे त्याने स्वतःच ठरवले. मंगळवारी डॉक्टर, शुक्रवारी जुम्यानंतर समुपदेशन. आठवड्यातून तीन संध्याकाळी अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सभा. 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरण्यातून सुरू झालेली ही चळवळ. सभेला फी नाही, नाव-गाव सांगायची सक्ती नाही, आणि भर एकाच गोष्टीवर: आजचा दिवस प्यायचे नाही.

सर्वांत अवघड होते संध्याकाळी 5 ते 8. पाळी सुटण्याची, बसमधून उतरण्याची, जुन्या सोबत्यांची ही वेळ. त्या रकान्यात मुलीने स्वतःच्या हाताने ‘गणित’ असे लिहिले. बाप-लेक रोज एक तास गणित करू लागले. स्टेशनकडून घरी यायचा रस्ताही बदलला. दहा मिनिटे जास्त लागत, पण वाटेत ते दुकान नव्हते.

नात्यातून सल्ले येतच होते. एका खालांनी कुठूनशी पुडी आणली, “त्याला न सांगता चहात घाला.” अशा जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पुडीत काय आहे हे कुणालाच ठाऊक नसते. डॉक्टर देतात त्यात डायसल्फिराम नावाचे एक औषध आहे. ते घेतलेले असताना दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो, आणि क्वचित माणूस दगावतोही. रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते द्यायचे असते. खालांना आम्ही हे सांगितले. त्या म्हणाल्या, “मग लोकांना काय सांगायचं? उद्या पोरीच्या रिश्त्याचं काय?” पोर सातवीत. पण प्रश्न खरा आहे, आणि याच प्रश्नापायी कित्येक घरांत इलाजच होत नाही.

त्रेपन्नाव्या दिवशी तो प्यायला. जुन्या कंपनीतल्या मित्राचा बोनस झाला होता. रात्री तो उशिरा आला, दारातच बसून राहिला. अम्मी रडल्या. दुल्हनने मुलीला आत नेले. त्या रात्री कुणी त्याला काही विचारले नाही. सकाळी फ्रिजवरचा कागद तसाच होता. मंगळवार होता, त्या रकान्यात ‘डॉक्टर’ लिहिलेले होते. आम्ही एवढेच म्हणालो, “चल, आज डॉक्टरांकडे जायचा दिवस आहे.” तो आला. डॉक्टरांनी औषधात बदल केला आणि संध्याकाळची एक सभा वाढवली. ब्लडप्रेशर पुन्हा वाढले म्हणून कुणी रुग्णाला घराबाहेर काढत नाही. या आजारातही घसरण झाली तर उपचार वाढवायचे असतात.

आपल्या दीनची एक गोष्ट या काळात आमच्या फार कामी आली. कुरआनात दारूची मनाई टप्प्याटप्प्याने आली. आधी सांगितले गेले की तिचा तोटा फायद्यापेक्षा मोठा आहे. मग नशेत नमाजला उभे राहण्यास मनाई झाली. नमाज दिवसातून पाच वेळा, त्यामुळे पिण्यासाठी मोकळी सलग वेळ दिवसात फारशी उरेना. शेवटी पूर्ण बंदी आली. एका अख्ख्या समाजाचा दिवस आधी बदलला आणि मग हुकूम पूर्ण झाला. धाकट्याला मस्जिदीत जायची लाज वाटायची. इमामसाहेबांनी त्याला तौबाचे व्याख्यान दिले नाही. असरनंतर वुजूखान्याच्या नळांची कामे सांगितली. संध्याकाळचा एक रकाना त्यांनी भरला. औषध मात्र चालू ठेव, हेही त्यांनी बजावले.

हे एका घराचे काम नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, दारूच्या पूर्ण अधीन झालेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळतो. प्रत्येकाला निवासी केंद्रात जागा मिळणे कठीण आणि कंत्राटी कामगाराला 35 दिवसांची रजा मिळणे त्याहून कठीण. पण मार्ग आहेत. गडचिरोलीत 2016 पासून ‘मुक्तिपथ’ अभियान चालू आहे. डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने चाललेल्या या कामात तालुक्याच्या गावी व्यसन उपचाराची क्लिनिक आहेत. गोव्यात ‘संगत’ संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांशी काही मोजक्या बैठकांत संवाद साधला. तीन महिन्यांनी त्यांच्यातले 36 टक्के धोकादायक पिण्यातून बाहेर आले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होते. 2017 साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

आमच्या मोहल्ल्यात मदरशाची एक खोली आहे, दुपारी ती रिकामी असते. वर्कशॉप चालवणारे भाई आहेत, निवृत्त परिचारिका आहेत, आम्ही शिक्षक आहोत. आठवड्यातून तीन दुपारी तिथे बसायची सोय झाली, एखाद्या प्रशिक्षित समुपदेशकाला बोलावता आले, तर नुकत्याच सावरणाऱ्या दहा माणसांच्या दुपारी वाचतील. जमातीपुढे आम्ही हे मांडले आहे. दोघांनी विरोध केला, “बेवड्यांचा अड्डा होईल” म्हणाले. बाकीच्यांनी विचार करू म्हटले आहे. आम्ही पुन्हा विचारणार आहोत.

तुमच्या घरात असा कुणी असेल तर केंद्र सरकारच्या 14446 या मोफत क्रमांकावर फोन करता येतो. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी 14416 हा टेलिमानसचा क्रमांक आहे. आणि तो माणूस इलाज घेऊन घरी आला की रोज त्याच्या तोंडाचा वास घेऊ नका, “प्यायलास का?” असे विचारू नका. आमच्या घरात आता रोज नाश्त्याला एकच प्रश्न असतो, “आज दुपारी काय ठरलंय?” तो फ्रिजकडे बघतो आणि सांगतो.