कडेवरची अक्षरं

आमच्या घरात पणजोबांचं सगळं चरित्र एका वाक्यात आटोपायचं : "बा बसऱ्याला गेला, त्यो गेलाच." आजी हे भाकरी थापता थापता सांगायची. बाप गेला तेव्हा ती तान्ही होती.

त्या वाक्याखेरीज उरलं एक पितळी रंगाचं पदक. सातारा सुटला तसं तेही आमच्याबरोबर बंगळुरात आलं आणि जयनगरच्या घरात कपाटाच्या तळाशी पडून राहिलं. परवा सकाळी 'मल्लिगे, मल्लिगे' करत फुलवाली खालून गेली, तेव्हा मी ते घेऊन खिडकीशी बसलो होतो. दर्शनी बाजूला पंखवाली देवी. ती काही बोलेना. कड उन्हात तिरकी धरून भिंग लावलं, तेव्हा बारीक इंग्रजी अक्षरं उमटली : नंबर, शिपाई, नाव, ११० मराठा. नावाचं स्पेलिंग असं, की लेकीनंही ओळखलं नसतं.

११०वी मराठा पलटण म्हणजे पहिल्या महायुद्धातलं, इराकातलं कुत-अल-अमारा. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, तुर्कांचा वेढा. धान्य सरलं तसे घोडे कापले. आपल्याकडच्या कित्येकांनी आधी ते मांस तोंडाला लावलं नाही. शेवटी सुमारे १३,००० माणसं शरण गेली. आजीनं कुतचं नावसुद्धा कधी ऐकलं नव्हतं.

पलटण शोधावी, तर तिनंही नाव बदललेलं. १९२२ मध्ये ती मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली आणि स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटची '२ पॅरा'. रात्री गाडीत बसलं की सकाळी बेळगाव, मराठा रेजिमेंटचं सेंटर तिथंच. जायचं आहे.

बसऱ्याच्या स्मारकाचं वाचलं आणि हात थबकला. कबर न सापडलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी ते उभारलं. गोऱ्यांची नावं कोरली, आपल्या सुभेदार-जमादारांचीही. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा. दगड काय महाग होता? बरं, ज्या सरकारनं तिथं नाव टाळलं, त्यानंच ते पदकाच्या कडेवर ठोकून घरी धाडलं.

या पदकाच्या जोडीला चांदीचं एक असायचंच. आईला विचारलं. म्हणाली, पणजीनं ते सोनाराकडे देऊन आजीच्या लग्नात जोडवी केली. म्हणजे आजी जन्मभर बापाचं पदक पायाच्या बोटांत घालून वावरली. पणजीचं काही चुकलं नाही.

तुमच्याही कपाटात असं एखादं पदक असेल, तर ब्रासो लावून घासू नका. कडेवरची अक्षरं झिजतात.