मग विठोबा

आधी पोटोबा, मग विठोबा. ही म्हण डोक्यातून जात नाही. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातली उपचारपद्धतही जवळपास हेच सांगते: जेवण नाकारणाऱ्या पोरीच्या मनात काय आहे ते मागाहून पाहू, आधी वजन वाढू द्या. आणि तिला जेवू घालायचं ते आईबापानेच. एकोणिसाच्या आत जडलेल्या आणि तीन वर्षांहून जुन्या नसलेल्या दुखण्यात घरच्यांना सोबत घेतलेलं बरं, असं तिथल्या १९८७च्या अभ्यासात दिसलं. त्याच्या शंभरेक वर्षं आधी इंग्रज डॉक्टर विल्यम गल लिहून गेले होते, की अशा रुग्णाच्या शुश्रूषेला नातेवाईक सगळ्यात वाईट.

चांदूर बाजारला दवाखान्यात बसून हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. आमची नजर मेळघाटाने घडवलेली. बारीक दंड दिसला की लहान मुलांच्या कुपोषणाची साडेअकरा सेंटिमीटरची खूण आठवते आणि घरातले रिकामे डबे. संत्र्याचा बगीचा असलेल्या घरची, नीटची तयारी करणारी पोरगी वाळत चालली, की आम्ही हिमोग्लोबिन, थायरॉइड, टीबीच्या तपासण्या लिहून देतो. आई म्हणते, "काईच खात नाई जी डाक्टरसायब, सलाईन लावून द्या." उपाशी शरीरात ग्लुकोज एकदम गेलं तर फॉस्फेट घसरतं, हृदयावर बेततं. तरी सलाईन लावणं सोपं वाटतं. "ताई, ताट तुम्हीच वाढा, ती जेवेपर्यंत जवळून उठू नका," हे सांगताना माझीच जीभ अडखळते.

कारण म्हणीतला विठोबा. एकादशी त्याच्याच नावाची. रुक्मिणीचं माहेर, कौंडण्यपूर, आमच्याच जिल्ह्यात. तिथली पालखी १५९४ पासून पंढरपूरला जाते. आषाढीला भगर आणि साबुदाणा सगळ्याच घरी. पोरगी एकादशीला गुरुवार जोडते, मग चतुर्थी, मग शनिवार. घरात कौतुक होतं. उपास कुठे संपला, आजार कुठे लागला, हे आईने कशावरून ओळखायचं? मला तरी कुठे ओळखू येतं?

आणि ती आई. सगळ्यांचं झाल्यावर, पातेल्यात उरेल त्यात जेवणारी. आपल्या घासाचा निर्णय तिने कधी घेतला नाही, आणि मी पोरीच्या घासाचा निर्णय तिच्यावर सोपवतो. ही म्हण वाढणारीने रचली असेल की वाढून घेणाऱ्याने?

गुरुवारी तिचा स्वतःचाही उपास असतो. तो सोडा म्हणावं, तर तिच्या मनाला तेवढाच आधार. धरा म्हणावं, तर पोरीपुढे ताट कोणत्या तोंडाने ठेवायचं?