रंगभूमीवरचा हंशा आणि पडद्यावरचा हंशा

मनुष्यास रडविण्यापेक्षां हंसविणें अधिक कठीण, असें जुने नट सांगत आले आहेत. परंतु एका ठिकाणीं पिकलेला हंशा उचलून दुसऱ्या ठिकाणीं नेणें हें त्याहूनहि कठीण आहे, असा माझा अनुभव आहे. भरलेल्या नाट्यगृहास पोट धरून हंसावयास लावणारें प्रहसन जसेंच्या तसें चित्रपटांत उतरविलें, तर पुष्कळदां तें निर्जीव होतें. वाक्यें तींच, नट तेच, पोशाखहि तेच. मग हंशा जातो कोठें? शाळेच्या नाट्यमंडळाचें काम पाहणारा शिक्षक या नात्यानें गेलें वर्षभर या प्रश्नानें माझा पिच्छा पुरविला. त्याचें जें उत्तर मला सांपडलें, तें विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढें ठेवीत आहें.

प्रथम एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. ब्रँडन थॉमस या इंग्रज नाटककाराचें 'चार्लीज आँट' हें प्रहसन २९ फेब्रुवारी १८९२ रोजीं बरी सेंट एडमंड्स या गांवीं प्रथम रंगभूमीवर आलें; त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तें लंडनला गेलें, आणि तेथें त्याचे लागोपाठ १,४६६ प्रयोग झाले. ऑक्सफर्डच्या दोन विद्यार्थ्यांस आपल्या आवडत्या मुलींना भोजनास बोलवावयाचें आहे. परंतु घरांत कोणी वडीलधारी स्त्री नसेल, तर मुली यावयाच्या नाहींत. चार्लीची ब्राझीलहून येणारी श्रीमंत मावशी ऐन वेळीं येत नाहीं. तेव्हां एका हौशी नाटकासाठीं बायकी पोशाख चढविलेल्या बॅबर्ली नांवाच्या मित्रालाच ते मावशी बनवितात. तिच्या संपत्तीवर डोळा ठेवून एक वृद्ध गृहस्थ तिच्यामागें लागतात, आणि पुढें खरी मावशीहि येऊन ठेपते! आचार्य अत्रे यांनीं हीच कल्पना घेऊन 'मोरूची मावशी' हें नाटक मराठींत रचलें, व विजय चव्हाण यांनीं ती मावशी पुढच्या पिढीच्या घरोघरीं पोहोंचविली.

अशा नाटकांत हंसूं कशाचें येतें? मावशी हा पुरुष आहे हें आपणांस ठाऊक असतें, आणि तिची मनधरणी करणाऱ्यास ठाऊक नसतें. प्रहसनाचा सारा प्राण या गुपितांत आहे. प्रेक्षक हा केवळ पाहणारा नसून कटांतला भागीदार असतो. रंगभूमीवर हें साधणें त्यामानानें सोपें जातें, कारण सारा रंगमंच एकाच वेळीं आपल्या डोळ्यांपुढें असतो. उजव्या दारानें वडील येत आहेत, डाव्या दारामागें चोर लपला आहे, आणि मधोमध बिचारा नायक घाम पुसत उभा आहे, हें सर्व आपण एका दृष्टिक्षेपांत पाहतों. शिवाय नटास प्रेक्षकांचा हंशा ऐकूं येतो. हंशा मोठा झाला कीं तो थांबतो. ओसरूं लागला कीं पुढचें वाक्य टाकतो.

पडद्यावर हीं दोन्हीं साधनें नाहींशीं होतात. कॅमेरा एका वेळीं जेवढें दाखवील तेवढेंच आपण पाहणार. आणि एकदां चित्रित झालेला नट कोणासाठींहि थांबणार नाहीं. प्रेक्षक हंसत राहिले तर पुढचें वाक्य वाहून जातें. हंसले नाहींत तर त्यांच्यासाठीं ठेवलेली स्तब्धता केविलवाणी वाटते. अमेरिकेंतील मार्क्स बंधु रंगभूमीवरूनच चित्रपटांत आले होते. 'अ नाइट ॲट द ऑपेरा' हा १९३५ सालचा चित्रपट काढण्यापूर्वीं त्यांनीं त्यांतील विनोदी प्रवेश गांवोगांवच्या नाट्यगृहांत करून पाहिले, आणि कोणत्या जागीं हंशा येतो व किती वेळ टिकतो याचा अंदाज घेतला. एवढ्या नाणावलेल्या विनोदी नटांसहि ही खबरदारी घ्यावी लागली!

नट बदलला तर विनोदहि कसा बदलतो, याचें उदाहरण 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' या नाटकांत सांपडतें. १९४१ सालीं न्यूयॉर्क येथें तें रंगभूमीवर आलें. त्यांतील दुष्ट भाऊ जोनाथन हा भीतिदायक चित्रपटांतील नट बोरिस कार्लोफ याच्यासारखा दिसतो, असें पात्रें म्हणत. आणि ती भूमिका करीत असे स्वतः कार्लोफच! मग नाट्यगृह हंशानें दुमदुमलें यांत नवल तें काय? फ्रँक काप्रा यानें त्याच वर्षीं त्याचा चित्रपट घेतला. मात्र नाटकाचे प्रयोग संपेपर्यंत तो दाखवावयाचा नाहीं असा करार असल्यामुळें लोकांस तो १९४४ सालीं पाहावयास मिळाला. कार्लोफ नाटकांतच राहिला होता. चित्रपटांत रेमंड मॅसी आला. वाक्य तेंच राहिलें, पण त्यांतली अर्धी गंमत गेली. ती उणीव काप्रानें दुसरीकडे भरून काढली. खिडकीखालच्या पेटींत प्रेत आहे हें नायकास कळतें, तेव्हां कॅमेरा त्या नायकाच्या चेहऱ्यावर खिळतो. नाट्यगृहांतल्या शेवटच्या रांगेस जे डोळे कधींच दिसले नसते, ते येथें सारें काम करून जातात.

आतां आमच्या शाळेकडे वळतों. गतवर्षींच्या स्नेहसंमेलनांत दहावीच्या एका विद्यार्थिनीनें लिहिलेलें छोटें प्रहसन झालें. वसतिगृहांतील मुलें एका पेटींत कुत्र्याचें पिल्लू लपवितात. तोंच अधीक्षक तपासणीस येतात. एक मुलगा पेटीवर बसून राहतो आणि पिल्लू कुंईं करतांच मोठ्यानें खोकतो. ही भूमिका ज्यानें दोन महिने बसविली होती, त्याचा पाय प्रयोगाच्या चार दिवस आधीं खेळतांना मोडला. तो आपल्या गांवीं अंथरुणावर पडला, आणि त्याची जागा दुसऱ्यानें घेतली. प्रयोग उत्तम रंगला. एका पालकांनीं सभागृहाच्या मागच्या बाजूनें मोबाइलवर तो सबंध टिपून त्या मुलाकडे पाठविला. त्याचें उत्तर आलें : "सर्व लोक हंसत आहेत हें मला ऐकूं येतें, पण ते कशाला हंसतात तें दिसत नाहीं."

या एका वाक्यानें मंडळींच्या मनास चटका बसला. आपल्या मित्रासाठीं या प्रहसनाचा खराखुरा चित्रपट करावयाचा, असें त्यांनीं ठरविलें. रंगमंच सोडून तीं वसतिगृहाच्या खोलींत गेलीं. शिपाईमामांनीं खरें पिल्लू दिलें. नाटकांत एक मुलगा प्रेक्षकांकडे वळून "पिल्लू पेटींत आहे बरें!" असें सांगत असे, चित्रपटांत तें वाक्य गाळून, मिटत्या झांकणाच्या फटींतून चमकणारे दोन डोळे आरंभींच दाखविले. गुपित तेंच, सांगण्याची रीत मात्र निराळी झाली.

खरी अडचण लेखिकेची होती. पेटीवरून न उठण्यासाठीं तो मुलगा नाना सबबी सांगतो : ही पेटी आजोबांची आठवण आहे, हिच्यावर बसल्याखेरीज धडा पाठ होत नाहीं, इत्यादि. सभागृहांत सर्वांत मोठा हंशा याच भाषणास मिळाला होता. पण कॅमेरा जवळ नेतांच त्या सबबी पाठ केलेल्या वाटूं लागल्या. "माझीं वाक्यें गेलीं, तर नाटक माझें कसें राहिलें?" असें ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. मीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. तिच्या प्रश्नांत तथ्य होतें.

इतक्यांत तो मुलगा पायास प्लास्टर घालून शाळेंत परत आला व सहज त्या पेटीवर टेकला. सर्व जण एकमेकांकडे पाहूं लागले. ज्याचा पाय प्लास्टरमध्यें आहे, त्यास अधीक्षक उठावयास कसें सांगणार? सबबीची गरजच उरली नाहीं! लेखिकेनें आपण होऊन पेन्सिल घेतली आणि अर्धें पान खोडून टाकलें. चित्रपटांत अधीक्षक आस्थेनें त्याच्या पायाची चौकशी करीत उभे राहतात, आणि त्यांच्या नकळत पेटीच्या फटींतून एक शेपटी बाहेर येऊन हलूं लागते. तेथें एकहि शब्द नाहीं. त्यामुळें प्रेक्षकांनीं कितीहि वेळ हंसावें, कांहीं बुडत नाहीं. शाळेंत चित्रपट दाखविला तेव्हां त्या मुलानें आपलें काम सर्वांबरोबर बसून पाहिलें, आणि आपण कशास हंसतों हें त्या दिवशीं त्यास दिसत होतें.

मूळ कृतीशीं प्रामाणिक राहणें म्हणजे तिचीं वाक्यें जतन करणें नव्हे. 'चार्लीज आँट'चा १९२५ सालीं मूकपट निघाला; चार्ली चॅप्लिनचा थोरला भाऊ सिडनी त्यांत मावशी झाला होता. मूळ नाटकांतील एकहि संवाद ऐकूं येत नसतां ती मावशी आजहि हंसविते, हें मीं स्वतः पाहिलें आहे. विद्यार्थ्यांनो, जपावयाचें तें गुपित : कोणास काय ठाऊक आहे, कोणास नाहीं, आणि त्या क्षणीं कोणाचा चेहरा पाहावा. हें ज्यास समजलें, त्यानें खुशाल कात्री चालवावी.

आणि पालकांस एक विनंति. आपल्या मुलांनीं घरीं असा एखादा लहानसा चित्रपट केला, तर तो त्यांच्या शेजारीं बसून पाहावा. कौतुकासाठीं खोटें हंसूं नये. कोठें हंसूं आलें आणि कोठें आलें नाहीं, एवढें खरेंखरें सांगावें. पडद्यावरच्या नटास प्रेक्षक ऐकूं येत नाहीं. परंतु चित्रपट करणारास तो ऐकूं आलाच पाहिजे.