मध्यान्हपूर्व रुजू

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, असं आपल्याकडे म्हणतात. गेले काही दिवस ही म्हण डोक्यातून जात नाही. हत्तीचं समजतं. पण मुंगी जाते ती कोणत्या वाटेनं? डॉक्टर 'आता कामावर जायला हरकत नाही' म्हणतात, तेव्हा ती जेमतेम उंबऱ्यापाशी पोचलेली असते. पुढची तिची वाट बसथांब्यावरून, ऑफिसच्या जिन्यावरून, टेबलाटेबलांमधून जाते. म्हणजे बरं होण्याचं निम्मं काम माणूस मस्टरवर सही केल्यानंतर, चारचौघांत करत असतो.

सरकारी नोकरीत रजेची सोय चांगली आहे, हे मी मनापासून लिहिते. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे अर्धवेतनी रजा वर्षाला 20 दिवस मिळते. वैद्यकीय दाखल्यावर ती पूर्ण पगाराच्या परिवर्तित रजेत बदलून घेता येते, मात्र खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. परतताना फिटनेसचा दाखला जोडायचा आणि अर्ज द्यायचा : 'आज रोजी मध्यान्हपूर्व कामावर रुजू झाले आहे.' नियमाच्या लेखी आजार त्या ओळीपाशी संपतो. मुंगीची तिथं नोंद नाही.

मी परतले तेव्हा माझ्या खणात दुसऱ्या कुणाचा तरी चष्मा, टाचण्यांची डबी आणि अर्धा बिस्किटपुडा होता. त्यात कुणाचा दोष नव्हता, काम कुणासाठी थांबत नाही. साहेब भले माणूस. म्हणाले, "मॅडम, आता दगदग नको. तुम्ही आवक-जावक बघा." मला हलकं काम हवंच होतं, दुपारनंतर डोळ्यांपुढची अक्षरं हलायची. तरीही पेन्शनच्या फायली पलीकडच्या टेबलावर जाताना पाहिल्या आणि घशाशी आवंढा आला. सेवापुस्तकातली चुकलेली वेतननिश्चिती हुडकून काढणं, निवृत्त माणसाचा पहिला हप्ता वेळेवर निघेल असं पाहणं, यात मला माझी किंमत वाटत होती.

आणि डबा. त्याचा विचार मी फायलींपेक्षाही जास्त करते. मला क्षय झाला होता, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. उपचार पुरे झाले होते, थुंकीच्या तपासण्या स्वच्छ आल्या होत्या. पूर्वी माझ्या भाजीवर चहूबाजूंनी हात पडायचे. आता कुणी पोळीचा तुकडाही पुढे करेना. शेजारची म्हणाली, "तूच खा गं, ताकद भरून यायला हवी." हे ती मायेनं म्हणाली की भीतीनं? मी तिच्या चेहऱ्याकडे पुष्कळदा पाहिलं. घेणाऱ्याच्या बाजूनं माया आणि भीती अगदी सारखी दिसतात. एकदा शिपाई मावशींनी मेथीची भाजी सरळ चमच्यानं उचलून तोंडात टाकली आणि "मीठ कमी झालंय" म्हणाल्या. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत न थकता काम केलं. मावशींना माझा आजार ठाऊक होता की नव्हता, हे मी कधी विचारलं नाही. ठाऊक नसेल, तर त्या घासाची किंमत कमी होते का?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एक चांगली तरतूद आहे. सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलं तर त्या माणसाला काढता येत नाही. मूळ काम जमत नसेल, तर त्याच पगारावर दुसरं पद द्यावं लागतं. पण मी दिव्यांग झाले नव्हते, फक्त हळू झाले होते. अशांसाठी पहिले काही आठवडे अर्धा दिवस काम, असा नियम हवा असं मला फार वाटायचं. आता तेवढी खात्री नाही. नियम झाला तर त्याचाही दाखला लागेल, आणि हळू असल्याची नोंद सेवापुस्तकात चढेल. शिवाय डब्याचा नियम कोण करणार?

तुमच्या ऑफिसात कुणी लांबलेल्या आजारातून परतणार असेल, तर त्याचं टेबल हलवण्याआधी शेजारी बसून एकदा विचारा : यातलं काय तुमच्याकडे ठेवू, काय काढून घेऊ? मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.